न्यायालयात पीडिताची जागा कुठे? न्यूरेंबर्ग, हेग आणि राईनपाडा

या मालिकेत आपण गेले काही आठवडे 'न्याय' या कल्पनेचा इतिहास पाहत आहोत. शिक्षा म्हणजे काय, ती कुणी द्यायची, कशासाठी द्यायची, हे प्रश्न आपण घेतले. आज त्याच धाग्यातला एक वेगळा प्रश्न घेऊ. गुन्ह्याचा खटला चालतो तेव्हा ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस न्यायालयात नेमका कुठे बसतो?

प्रश्न साधा वाटतो, पण धुळ्याच्या किंवा जळगावच्या जिल्हा न्यायालयात जाऊन पाहा. न्यायाधीशांची जागा ठरलेली आहे. आरोपीसाठी पिंजरा आहे. सरकारी वकील आणि बचावाचे वकील यांची टेबलं आहेत. साक्षीदाराला साक्ष देण्यापुरता कठडा आहे. पण ज्याचा मुलगा मारला गेला, त्या बापासाठी खुर्ची नाही. तो मागच्या बाकावर बसतो, तिथे जागा नसेल तर व्हरांड्यात उभा राहतो. खटल्याचं नाव असतं 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'. त्या नावात बाप कुठेच नाही.

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून आपल्याच भागातली एक घटना समोर ठेवू. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून सगळीकडे पसरलेली होती. जमावाने या पाच जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. मृतांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. नातेवाईक आले तेव्हा त्यांनी सुरुवातीला मृतदेह ताब्यात घ्यायला नकार दिला. आधी आमचं म्हणणं ऐका, मग अंत्यसंस्कार, असा तो आग्रह होता. आजच्या विषयाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. कारण 'आमचं ऐका' हे सांगायची अधिकृत जागा कायद्यात तेव्हा जवळजवळ नव्हतीच. म्हणून ते दवाखान्याच्या दारात सांगावं लागलं.

सरकार फिर्यादी कसं झालं?

आपल्याकडे पूर्वी असं नव्हतं. मराठेशाहीतल्या गोतसभा आणि मजालसी आठवा. तिथे अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे तक्रार करणारा आणि उत्तर देणारा, दोघेही समोरासमोर उभे असत. निवाड्याचा महजर होई, त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी अशी कागदपत्रं जमवण्यात आयुष्य घालवलं, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आपल्या धुळ्यातच आहे. त्या व्यवस्थेत ज्याची हानी झाली तो खटल्याचा पक्षकार होता. पण तिचा गौरव करायची घाई नको. त्या सभेत कुणाचा शब्द किती वजनाचा, हे जात, वतन आणि बाईपण-पुरुषपण यावर ठरत असे. दुबळ्याची बाजू घेणारं तिथे कुणी असेलच असं नव्हतं.

इंग्रजी कायदा आला आणि गुन्हा हा राज्याविरुद्धचा अपराध ठरला. यात एक फायदा होता. गरीब माणसाला खटला स्वतःच्या खर्चाने चालवायची गरज उरली नाही. गावच्या पाटलाने दम दिला म्हणून खटला मागे घेता येईना. सूडाची साखळी तुटली. पण किंमतही मोजावी लागली. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९७७ साली एक निबंध लिहिला. भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता आहे आणि ती राज्याने आणि वकिलांनी चोरली, असा त्याचा थोडक्यात मुद्दा. जो लुटला गेला त्याचा खटलाही लुटला गेला, असं म्हणा ना! पीडित उरला फक्त साक्षीदार, म्हणजे सरकार पक्षाच्या हातातला एक पुरावा.

न्यूरेंबर्ग: कागद बोलले, माणसं थोडीच बोलली

हाच साचा पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर गेला. २० नोव्हेंबर १९४५ ला न्यूरेंबर्गचा खटला सुरू झाला. अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन यांनी ठरवलं की नाझींना त्यांच्याच कागदपत्रांनी दोषी ठरवायचं. साक्षीदार अडखळतो, त्याच्यावर सूडाचा आरोप होतो. कागद अडखळत नाही. हा विचार चुकीचा नव्हता. त्या कागदांमुळेच आज कुणी 'असं घडलंच नाही' म्हणालं तर त्याचं तोंड बंद करता येतं. पण परिणाम काय झाला? निकालपत्रातच आकडे आहेत. अभियोग पक्षाचे तोंडी साक्षीदार फक्त ३३. बचावाचे ६१, आणि शिवाय १९ आरोपींनी स्वतः साक्ष दिली. लाखो मेलेल्यांच्या खटल्यात छळ करणाऱ्यांच्या बाजूने जास्त माणसं बोलली.

त्या थोड्यांत एक होते कवी अब्राहम सुत्झकेव्हर, विल्ना शहराच्या ज्यू वस्तीतून वाचलेले. २७ फेब्रुवारी १९४६ ला त्यांनी साक्ष दिली. त्यांची इच्छा होती यिडिश भाषेत बोलायची, कारण मारले गेले त्यांची ती भाषा. त्यांना रशियनमध्ये बोलावं लागलं. बसायला सांगितलं तरी ते उभेच राहिले, मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणताना उभं राहतात तसे. आपल्या भागात हा भाषेचा मुद्दा लगेच कळतो. अहिराणी, पावरी, भिली किंवा मावची बोलणारी बाई कठड्यात उभी राहते. तिचं बोलणं कुणीतरी प्रमाण मराठीत आणतं, मग ते कागदावर उतरतं. त्या प्रवासात तिचं म्हणणं किती पोचतं, हा भाषाशास्त्राइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे.

टोकियोचा खटला १९४६ ते १९४८ चालला. अकरा न्यायाधीश, त्यांत आपले राधाबिनोद पाल. पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. जेत्यांनी हरलेल्यांवर चालवलेला खटला, आणि कृत्यानंतर तयार केलेला गुन्हा, हे त्यांचे आक्षेप होते. ते वजनदार आहेत, आणि भारतात आपण त्यांचा अभिमानाने उल्लेख करतो. पण अत्याचार झाले हे पाल यांनीही नाकारलं नव्हतं, हे आपण सोयीने विसरतो. आणखी एक गोष्ट विसरतो. जपानी सैन्यासाठी लैंगिक गुलामीत ढकललेल्या कोरियन, चिनी, फिलिपिनो स्त्रियांवरच्या या अन्यायाचा स्वतंत्र आरोपच त्या खटल्यात ठेवला गेला नाही. कोरियाच्या किम हाक-सुन यांनी १९९१ साली जाहीरपणे तोंड उघडलं, तोवर पंचेचाळीस वर्षं गेली होती. जेते आणि हरलेले यांच्या वादात पीडित स्त्री दोन्ही बाजूंच्या नजरेतून निसटली.

आइशमन आणि हॅना आरेंट यांचा आक्षेप

१९६१ साली जेरुसलेममध्ये अॅडॉल्फ आइशमनवर खटला चालला. अभियोक्ता गिडियन हाउझनर यांनी न्यूरेंबर्गच्या उलट केलं. वाचलेल्या शंभराहून अधिक माणसांना त्यांनी साक्षीला उभं केलं. एक लेखक साक्ष देता देता बेशुद्ध पडले. जगाने पहिल्यांदा पीडितांचा आवाज रेडिओवर, पडद्यावर ऐकला.

तिथे बसून हे पाहणाऱ्या हॅना आरेंट यांनी मात्र आक्षेप घेतला. त्यांच्या मते खटला हा आरोपीने काय केलं याचा असतो, पीडितांनी काय सोसलं याचा नव्हे. सोसण्याची कहाणी कितीही खरी असली तरी ती या आरोपीच्या कृत्याशी जोडलेली नसेल तर न्यायालयात तिचं काम काय? आम्ही तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी हा आक्षेप वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांपुढे मांडला आहे, आणि प्रत्येक वेळी वर्ग दोन भागांत विभागतो. आरेंट यांचं म्हणणं कोरडं वाटतं, पण त्यात आरोपीचं रक्षण आहे. रडणाऱ्या आईसमोर 'हा तो नव्हे' असं म्हणणं न्यायाधीशाला अवघड जातं. आणि एखाद्या वेळी तो खरंच 'तो' नसतो.

क्रिस्टी एका टोकाला, आरेंट दुसऱ्या टोकाला. पुढचा सगळा इतिहास या दोन टोकांमधली वाट शोधण्याचा आहे.

एका साक्षीने कायदा हलला

१९९३ साली युगोस्लाव्हियासाठी आणि १९९४ साली रुवांडासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने न्यायाधिकरणं नेमली. तिथेही पीडित फक्त साक्षीदार होते. पण अकायेसू खटल्यात काय झालं पाहा. झाँ-पॉल अकायेसू हा ताबा नावाच्या भागाचा प्रमुख, आपल्या भाषेत मोठा पाटीलच म्हणा. त्याच्यावर नरसंहाराचा आरोप होता, बलात्काराचा नव्हता. १९९७ च्या सुरुवातीला एक साक्षीदार बाई दुसऱ्याच गोष्टींबद्दल सांगत होती. सांगता सांगता तिने आपल्या लहान मुलीवर झालेल्या बलात्काराचा उल्लेख केला. कुणी तो मुद्दाम विचारलेला नव्हता. न्यायपीठावर एकमेव स्त्री होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले. न्यायपीठाने पुढे प्रश्न विचारले. आणखी एका साक्षीदार स्त्रीनेही सांगितलं. स्त्री संघटनांनी पाठपुरावा केला आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्र बदललं. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात, बलात्कार हाही नरसंहाराचं साधन असू शकतो, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदा मान्य केलं.

यातून काय शिकायचं? पीडिताला फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावलं, तर सत्याचा मोठा भाग बाहेरच राहतो. काय विचारायचं हे ज्याने सोसलं नाही त्याला कसं कळणार?

रोम आणि हेग

१७ जुलै १९९८ ला रोममध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार १२० मतांनी मंजूर झाला. ७ विरोधात, २१ तटस्थ. भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि अण्वस्त्रांचा न केलेला उल्लेख हे आपले प्रमुख आक्षेप होते. आजही भारत या न्यायालयाचा सदस्य नाही. १ जुलै २००२ पासून करार अमलात आला.

त्यातलं कलम ६८ आपल्या कामाचं आहे. ज्यांच्या हितसंबंधांना धक्का पोचतो त्या पीडितांना आपलं म्हणणं मांडू द्यावं, पण आरोपीच्या हक्कांना बाधा येणार नाही अशा रीतीने, असा त्याचा आशय. म्हणजे क्रिस्टी आणि आरेंट दोघांनाही एका कलमात बसवलं आहे. पीडित तिथे पक्षकार नाही, पण नुसता साक्षीदारही नाही. त्याला वकील मिळतो, तो वकील न्यायालयाच्या परवानगीने प्रश्न विचारू शकतो. भरपाईसाठी वेगळं कलम आणि वेगळा निधी आहे.

प्रत्यक्षात काय घडलं? पहिला खटला काँगोच्या थॉमस लुबांगावर, लहान मुलांना सैनिक बनवल्याचा. त्यात १२९ पीडित सहभागी झाले. त्यांच्या वकिलांनी मागणी केली की पळवलेल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचाही विचार व्हावा. वरच्या न्यायपीठाने डिसेंबर २००९ मध्ये ती नाकारली, कारण आरोपपत्राबाहेर जाऊन आरोपीला नव्या गुन्ह्याला तोंड द्यायला लावणं योग्य नव्हे. कायद्याने बरोबर, आणि मुलींसाठी निराशेचं! २०१२ च्या निकालात तर काही साक्षीदारांचं सांगणं विश्वासार्ह नसल्याचं ठरवून त्यांचा पीडित म्हणून दर्जाही काढून घेतला गेला. पीडित म्हणवणाराही तपासला जावा लागतो, ही कडू गोष्ट आहे, पण खरी आहे.

झाँ-पियर बेंबाच्या खटल्यात ५,२२९ पीडित सहभागी होते. २०१६ मध्ये तो दोषी ठरला, ८ जून २०१८ ला अपिलात सुटला. आरोपी सुटला की त्याच्याकडून भरपाईचा हुकूमही निघत नाही. पाच हजारांहून अधिक माणसं वर्षानुवर्षं थांबली आणि रिकाम्या हातांनी परतली. दुसऱ्या बाजूला काटांगाच्या खटल्यात २९७ पीडितांना प्रत्येकी २५० डॉलर, प्रतीक म्हणून, आणि घर, शिक्षण, उपचार यांसाठी सामूहिक मदत असा २०१७ चा हुकूम आहे. २५० डॉलरने कुणाचं दुःख फिटतं? फिटत नाही. पण तुझं नुकसान झालं हे जगाने नाव घेऊन मान्य केलं, याचं मोल वेगळं असतं.

सगळ्यात अवघड खटला युगांडाच्या डॉमिनिक ऑन्ग्वेनचा. साधारण नऊ वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवर बंडखोरांनी त्याला पळवलं. तिथेच वाढून तो सेनाधिकारी झाला आणि इतर मुलांना पळवू लागला. २०२१ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या कृत्यांच्या सुमारे ४९,७७२ पीडितांसाठी २०२४ मध्ये भरपाईचा हुकूम निघाला. आता सांगा, पीडिताची जागा एका बाजूला आणि आरोपीची दुसऱ्या बाजूला, ही मांडणी इथे कशी टिकणार? न्यायालयाने उत्तर दिलं की त्याचं बालपण शिक्षा ठरवताना विचारात घेऊ, पण त्याने केलेलं त्याचंच. पीडित असणं हा माणसाचा कायमचा दर्जा नाही. ती एका विशिष्ट अन्यायाबाबतची जागा आहे.

पुन्हा आपल्याकडे

मंडळी, भारत हेगच्या बाहेर राहिला तरी विचार सीमेवर थांबत नाही. ३१ डिसेंबर २००९ पासून आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्या आली. निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करायचा हक्क आला. सरकारी वकिलाला साहाय्य करणारा स्वतःचा वकील देता येऊ लागला. मात्र २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा वकील स्वतः साक्षीदार तपासू शकत नाही. खटल्याची दोरी सरकारी वकिलाच्याच हातात. इथे आरेंट यांचा विचार जिंकला असं म्हणायला हरकत नाही.

त्याहून पुढचं पाऊल होतं अॅट्रॉसिटी कायद्यातलं कलम १५ अ. ते जानेवारी २०१६ पासून लागू झालं. जामिनापासून प्रत्येक टप्प्यावर पीडिताला सूचना द्यायची, त्याचं ऐकायचं. पण हा कायदा अनुसूचित जाती आणि जमातींसाठी आहे. डवरी गोसावी महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात. म्हणजे गावोगाव फिरणारा, जिथे जाईल तिथे परका ठरणारा, पहिला संशय ज्याच्यावर येतो असा हा समाज. भटक्यांतल्या कित्येक समाजांना तर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ ला गेला, पण नजर गेली नाही. आणि पीडितांसाठीचं देशातलं सर्वांत तपशीलवार कलम या माणसांना लागू होत नव्हतं.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीबाबत तहसीन पूनावाला प्रकरणात निकाल दिला. याचिका गोरक्षणाच्या नावाखालच्या हिंसेवरून होती, पण निर्देश सगळ्याच झुंडबळींना लागू आहेत. त्यात म्हटलं की पीडितांना किंवा मृतांच्या नातेवाइकांना प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना द्यावी, जामीन, सुटका, पॅरोल यांवर त्यांचं ऐकावं, शिक्षेबाबत लेखी म्हणणं मांडू द्यावं, मोफत कायदेशीर मदत द्यावी. शक्यतो सहा महिन्यांत खटला संपवावा. रोमच्या कलम ६८ शी हे शेजारी ठेवून वाचा. २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात हेच तत्त्व तपासापासून अपिलापर्यंत सर्वच गुन्ह्यांना लागू असल्याचं न्यायालयाने सांगितलं.

राईनपाड्याचा खटला मात्र सहा महिन्यांत संपला नाही. जळगावचे उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. साडेपाच वर्षं. मंगळवेढ्याहून धुळ्याला प्रत्येक तारखेला यायचं म्हणजे काय, ते भिक्षेवर पोट असलेल्या कुटुंबाच्या जागी बसून मोजा. 'सुनावणीला हजर राहायचा हक्क' एस.टी.च्या तिकिटावाचून अपुरा आहे. हेगच्या न्यायालयाने पीडितांना एकत्रित वकील दिले ते याचसाठी. कांगोतल्या शेतकऱ्याने नेदरलँडला कसं जायचं?

१ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली. तारीख योगायोगाने राईनपाड्याचीच. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेला खून हा त्यात वेगळा गुन्हा आहे. तपासाची प्रगती पीडिताला नव्वद दिवसांत कळवायची तरतूद आहे. पण 'मुलं पळवणारे' या अफवेतून झालेला खून या कारणांत बसतो का? ज्यांच्यावर संशय आला ते भटके होते म्हणूनच आला, हे न्यायालयाला दाखवावं लागेल. आणि ते कोण दाखवणार? त्या समाजातलाच माणूस. म्हणूनच त्याला खटल्यात आवाज हवा.

आणखी एक गोष्ट जळगावकर विसरणार नाहीत. १९९४ चं मुलींच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण. छायाचित्रांचा धाक दाखवून मुलींना गप्प बसवलं गेलं. अरविंद इनामदार आणि मीरा बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी तपासाला होते. तरी तक्रार द्यायला पुढे आलेल्या मुली मोजक्याच. कारण उघड आहे. नाव फुटलं तर लग्न, घर, गाव, सगळंच संपणार. बोलायची परवानगी देऊन भागत नाही, बोलल्यावर सुरक्षित राहायची हमीही द्यावी लागते. हेगला साक्षीदारांना टोपणनावं देतात, आवाज बदलतात, चेहरा झाकतात. आपल्याकडे साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती डिसेंबर २०१८ मध्ये. जळगावच्या त्या मुलींना ती चोवीस वर्षं उशिरा आली.

मग निष्कर्ष काय?

आपण तीन गोष्टी वेगळ्या करू. पहिली, पीडिताला कळलं पाहिजे की खटल्यात काय चाललं आहे. दुसरी, त्याचं ऐकलं गेलं पाहिजे, त्याच्या भाषेत आणि न घाबरता. तिसरी, त्याचं नुकसान भरून देण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला पाहिजे, आणि तो आरोपी दोषी ठरण्यावरच अवलंबून असता कामा नये. बेंबाच्या खटल्याचा धडा हाच आहे. या तिन्ही गोष्टी आरोपीच्या एकाही हक्काला धक्का न लावता देता येतात.

चौथी गोष्ट मात्र पीडिताच्या हाती देता येत नाही, ती म्हणजे निकाल. दोषी कोण हे दुःखाच्या मापाने ठरत नाही, पुराव्याने ठरतं. आणि हे आपल्याला राईनपाड्यानेच शिकवलं. त्या दिवशी बाजारात जमलेल्या माणसांनाही वाटत होतं की आपण आपल्या लेकरांच्या बाजूने उभे आहोत, आपणच पीडित आहोत. ना फिर्याद, ना पुरावा, ना उलटतपासणी. आरोपीला बोलूच न देता त्यांनी निकाल दिला आणि अमलातही आणला. पीडिताची भीती आणि न्यायाधीशाची खुर्ची एकाच माणसाकडे गेली की काय होतं, ते त्या ग्रामपंचायतीच्या खोलीत दिसलं.

तेव्हा पीडिताला न्यायालयात खुर्ची द्यायची, आवाज द्यायचा, वकील द्यायचा, एस.टी.चं भाडंही द्यायचं. न्यायाधीशाची खुर्ची मात्र कुणालाच द्यायची नाही, ना पीडिताला, ना जमावाला. पुढच्या वेळी आपण क्षमेचा प्रश्न घेऊ: शिक्षा झाल्यावर माफ करण्याचा अधिकार कुणाचा, राज्याचा की ज्याने सोसलं त्याचा? तोवर यावर विचार करा, प्रश्न लिहून पाठवा. आज इथेच थांबू या.